काळ्या मातीवरचं दार

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत बडोद्यातल्या लोकांना अचानक आपापल्या भिंती दिसू लागल्या. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी भूकंप झाला, तेव्हा बडोद्यात फारशी पडझड झाली नव्हती. पण कॅलेंडरच्या मागे, देव्हाऱ्याच्या वर, मोरीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं मुकाट्याने असलेल्या रेघांकडे लोक आता मान वर करून बघत होते. ही कधीची? ही त्या दिवशीची तर नाही ना? आत झोपायचं की बाहेर?

निरुपमा दिघे अलकापुरीतल्या एका माती तपासणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. एरवी तिचं काम जमिनीखालचं. इमारत उठायच्या आधी जमिनीत भोक पाडून माती काढायची, तपासायची आणि पाया किती खोल घ्यावा ते सांगायचं. भूकंपानंतर मात्र सोसायट्यांचे फोन यायला लागले, आणि कंपनीने तिला घराघरातून भेगा बघायला पाठवलं.

तिची मोठी बहीण मोहना त्या सकाळी अहमदाबादला भूकंपात गेली. चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावरचं घर. मोहनाचे यजमान, विश्वंभर भाऊजी, ऑफिसच्या झेंडावंदनाला गेले होते, म्हणून वाचले. निरुपमा आणि तिचा नवरा गोविंद त्याच दुपारी निघून पोचले. ओळख निरुपमाने पटवली, कारण भाऊजींना उभं राहता येत नव्हतं. कागदांवर सह्या तिने केल्या, नातेवाइकांना फोन तिने केले. मोहनाच्या सासूबाईंना पाणी पाजलं तेही तिनेच. दिवसकार्य आटोपून ती बडोद्याला परत आली आणि दुसऱ्या दिवशी साडीला पिन लावून कामावर हजर झाली.

"निरुपमाबेन, थोडा दिवस रजा लई लो," तिचे साहेब भावसार म्हणाले.

"ना, चालशे," ती म्हणाली.

खरंच चालत होतं. तिला काही होतच नव्हतं. लोक भेटायला यायचे, डोळे पुसायचे आणि तिचे डोळे कोरडे बघून जरा बिचकायचे. मग ती त्यांच्यासाठी चहा टाकायची. गोविंद रात्री जेवताना तिच्याकडे बघत राहायचा. "रडून घे गं एकदा," असं तो एकदा म्हणालाही. रडायला हरकत नव्हती, पण ते कुठून सुरू करतात हेच तिला आठवत नव्हतं. बोट दाराच्या फटीत सापडावं आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटावं, तसं सगळं चाललं होतं.

भेगा बघण्याचं काम या अवस्थेत बरं पडत होतं. त्यात चुकायला फारसा वाव नव्हता. भूकंपाची भेग ताजी असते. तिच्या कडा धारदार असतात, आतलं प्लास्टर पांढरं स्वच्छ असतं, आणि पुष्कळदा दोन भेगा एकमेकींना फुलीसारख्या छेदून जातात, कारण भिंत एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला ओढली गेलेली असते. समा, निजामपुरा या भागातल्या बहुतेक घरांत निरुपमाला त्या सापडत नव्हत्या. तिथे होत्या जुन्या भेगा. आत धूळ, कोळ्याचं जाळं, मुंग्यांची ये-जा. त्यांचं कारण भिंतीत नव्हतंच, ते खाली काळ्या मातीत होतं.

"ही भूकंपाची नाही. जमिनीची आहे. राहा निर्धास्त," असं सांगून ती पुढच्या घरी जायची. लोक सुटकेचा श्वास टाकायचे. कुणी आग्रहाने नाश्ता पुढे करायचं. ती बशीतलं एक बिस्कीट उचलायची, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

समा भागातली एक बैठ्या घरांची सोसायटी तिने अशीच एका सकाळी बघून संपवली आणि स्कूटी सुरू करत होती, तेव्हा एक गृहस्थ धावत आले. पन्नाशी ओलांडलेले, रिफायनरीचा खाकी शर्ट अजून अंगावर.

"मॅडम, तुम्ही मराठी ना? मी नारायण शेलार. आमचं घर तेवढं राहिलं. म्हणजे बघितलं तुम्ही, पण बाहेरूनच. आमची मंडळी आत येऊच देत नव्हती कुणाला."

"आत येऊ देत नव्हत्या?"

"ती स्वतःच आत जात नाही ना! त्या दिवसापासून अंगणात राहते. अख्खी सोसायटी आठवड्यात आत गेली. मी आत झोपतो. ही बाहेर खाटेवर. स्वयंपाकसुद्धा बाहेर, स्टोव्हवर. मी सांगून दमलो. मुलगा पुण्याहून फोन करून दमला. तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकेल."

निरुपमाने स्कूटी बंद केली.

अंगणात लिंबाच्या झाडाला प्लॅस्टिकचा कागद बांधून आडोसा केला होता. खाट, पाण्याचा हंडा, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, दोन पातेली. खाटेवर बसून एक बाई गवारीच्या शेंगा मोडत होती. ही कमला. साताऱ्याकडून लग्न होऊन आली त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. कपाळावर कुंकू ठसठशीत, चेहरा शांत. घाबरलेली वगैरे अजिबात दिसत नव्हती.

"नमस्कार काकू. मी भेग बघायला आलेय."

"बघा की," कमला म्हणाली. "मी नाही येणार आत."

आत झोपायच्या खोलीत, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी छतापर्यंत गेली होती. वर बारीक, खाली रुंद, नख सहज जाईल एवढी. निरुपमाने टॉर्च मारला आणि पातळ पट्टीने आतलं थोडं खरवडलं. भिंत पिवळी होती. भेगेच्या आतही पिवळा रंग गेला होता आणि त्याच्या खाली निळा.

"पिवळा रंग कधी दिलात?" तिने विचारलं.

"आता दिवाळीला," नारायण दारातून म्हणाले.

"आणि निळा?"

"त्याच्या आधीचा. घर घेतलं त्यानंतर दोन-एक वर्षांनी. का हो?"

"म्हणजे निळा दिला तेव्हा ही होती. पिवळा दिला तेव्हाही होती. मधे बुजवली असेल तुम्ही, ती परत उघडली."

नारायणरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, रंगाऱ्याने लांबी भरली होती! मी विसरूनच गेलो."

निरुपमा घराच्या मागे गेली. भेग ज्या कोपऱ्यात होती, त्याच्याच बाहेर मोरीचं पाणी एका उघड्या नळीतून जमिनीवर सुटत होतं. तिथे केळीचं बन माजलं होतं. बाकी अंगणातली माती उन्हाने उलली होती, पण इथे पाय टेकवला की चप्पल चिकटत होती. तिने चिमूटभर माती बोटात घेऊन चोळली. साबणासारखी गुळगुळीत. लॅबमध्ये न्यायची गरजच नव्हती.

बाहेर येऊन तिने कमलाला सगळं सांगितलं. भेग जुनी आहे. मोरीच्या पाण्याने खालची काळी माती फुगते आणि घराचा कोपरा उचलते. मागची नळी लांब न्या. घर पडणार नाही.

कमलाने शेंगा मोडणं थांबवलं नाही. "बरं," ती म्हणाली.

"मग आज आत झोपाल ना?"

"नाही."

नारायणराव वैतागून पलीकडच्या घराकडे निघून गेले. निरुपमाही निघाली असती. तिचं काम झालं होतं. पण कमलाने मान वर केली आणि विचारलं, "माती घर उचलते म्हणता. माती कशी काय फुगेल? ती काय कणीक आहे?"

इतक्या दिवसांत निरुपमाला सगळ्यांनी एकच विचारलं होतं, पडेल का? का फुगते असं कुणी विचारलं नव्हतं. एरवी तिने एका वाक्यात उत्तर दिलं असतं. त्या दिवशी, का कोण जाणे, ती म्हणाली, "काचेचे दोन पेले आहेत का? सारखे?"

कमलाने बोट दाखवलं. पेले आत होते, स्वयंपाकघरात. निरुपमाने ते आणले. मागच्या बाजूची सुकी ढेकळं आणून तिने पाट्यावर बारीक केली आणि कमलाच्या चहाच्या गाळणीतून चाळली. ("ती आता चहाला नाही वापरायची," असं कमला स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.) दोन्ही पेल्यांत सारखी दोन-दोन चमचे पूड घातली. एकात स्टोव्हचं रॉकेल ओतलं, दुसऱ्यात पाणी, आणि काडीने ढवळून हवा काढून टाकली.

"हे असंच राहू द्या. मी उद्या येते."

"उद्या कशाला? भेग तर बघून झाली."

"हे बघायला," निरुपमा म्हणाली.

संध्याकाळी घरी तिने गोविंदला यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं तिला वाटलं. मोहनाच्या सापडलेल्या वस्तूंची अहमदाबादहून आणलेली पिशवी अजून कपाटावर तशीच होती. तिच्याकडे बघून निरुपमाला काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही. तिने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत समाला गेली. नारायणराव पहिल्या पाळीला गेले होते. कमला खाटेवरच होती, पण पेले तिने समोरच्या स्टुलावर मांडून ठेवले होते, आणि वर बशा झाकल्या होत्या.

"सकाळपासून बघतेय," ती म्हणाली. "हे काय झालं हो?"

रॉकेलच्या पेल्यात माती तळाशी होती तेवढीच होती, घट्ट आणि मुकाट. पाण्याच्या पेल्यात ती दुपटीहून वर आली होती, लापशीसारखी, भुसभुशीत.

"एकाच ढेकळातली ना दोन्ही?"

"एकाच."

"मग?"

निरुपमा खाटेच्या कडेवर बसली. "काकू, ही माती म्हणजे अतिशय बारीक पापुद्रे असतात. इतके बारीक की साध्या डोळ्यांना काय, साध्या भिंगालाही दिसत नाहीत. पोळ्यांची चवड असते तसे एकावर एक. दुसऱ्या जातीच्या मातीत, म्हणजे कपबशा करतात ती पांढरी माती, तिच्यात हे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, मधे पाणी शिरू देत नाहीत. आपल्या काळ्या मातीतल्या पापुद्र्यांची एकमेकांवरची पकड ढिली असते. प्रत्येक पापुद्र्यावर विजेचा थोडा भार असतो, आणि तो सांभाळायला दोन पापुद्र्यांच्या मधे क्षाराचे कण बसलेले असतात. मिठात असतो तसला सोडियम, चुन्यातला कॅल्शियम. पावसाळ्यात मिठाचं काय होतं?"

"पाणी सुटतं."

"पाणी सुटत नाही, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. हे कण तसंच करतात. पाणी ओढून स्वतःभोवती गुंडाळून घेतात. पाणी मधे आलं की पापुद्रे लांब सरकतात. आधी पाण्याचा एक थर, मग दुसरा. सगळेच पापुद्रे असे सरकले की ढेकूळ फुगतं. वाळलं की पाणी जातं, पापुद्रे परत जवळ येतात, आणि जमिनीला भेगा पडतात."

"आणि रॉकेल?"

"रॉकेलशी त्या कणांचं काही देणंघेणं नाही. ते त्याला ओढत नाहीत. म्हणून तिथे काहीच झालं नाही."

कमलाने दोन्ही पेले उचलून उजेडात धरले. "आणि एवढ्याशा पाण्याने घर उचललं जातं?"

"तुमचं बैठं घर आहे, हलकं. पाया उथळ. मोठ्या इमारतीचं वजन मातीला दाबून तरी ठेवतं. तुमच्या मोरीच्या पाण्याने हा एक कोपरा वर उचललाय, बाकी घर आहे तिथेच आहे. म्हणून भिंत तिरकी उलली. चौकटसुद्धा वाकडी झाली असणार. दार घासतं का तुमचं?"

कमलाचा चेहरा बदलला. तिने पदराने ओठ पुसले.

"ते दार," ती म्हणाली. "ह्यांना नाही सांगितलं मी."

निरुपमाने पेले बाजूला सरकवले.

"दिवाळीपासनं घासायचं. ढकलून लावायचं, ढकलून उघडायचं. त्या दिवशी हे पहिल्या पाळीला. मी न्हाऊन लुगडं नेसायला आत गेले, दार लोटलं. आणि सुरू झालं. आधी वाटलं गाडी गेली मोठी. मग भांडी पडली. मी दाराशी गेले, तर उघडेना. कडी लावलेली नव्हती, बाई. नुसतं लोटलेलं. दोन्ही हातांनी ओढतेय, पाय लावून ओढतेय. बाहेर सगळे पळताहेत, ओरडताहेत, 'बहार निकळो, बहार निकळो', आणि मी आत. खिडकीला गज. मला वाटलं, आता हे असंच."

"मग?"

"मग काय. थांबलं. थांबल्यावरसुद्धा उघडत नव्हतं. किती वेळाने उघडलं माहीत नाही. बाहेर आले तर सगळे मैदानात. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काय सांगायचं? घर पडलं नाही, मला खरचटलं नाही. लोक मेले तिकडे, आणि मी दार उघडलं नाही म्हणून रडू? पण आत पाऊल टाकायचं म्हटलं की पाय मागेच येतो."

काही बोलायला हवं होतं. निरुपमाला धीराची अनेक वाक्यं माहीत होती, गेल्या महिन्यात ती सगळी तिला ऐकवली गेली होती. त्यातलं एकही तिला उच्चारता येईना. तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"माझ्या बहिणीचं दार उघडलं होतं."

कमलाने तिच्याकडे पाहिलं.

"अहमदाबादला. तिसऱ्या मजल्यावर होती. ती घराबाहेर पडली. शेजारच्या बाईंना हाक मारली, त्या मागे राहिल्या आणि त्या वाचल्या. त्यांच्या खोलीचा कोपरा उभा राहिला. ताई जिन्यात सापडली. जिनाच आधी आला खाली." निरुपमा हे एखाद्या जागेची पाहणी सांगावी तसं सांगत होती, एकामागून एक, आवाज न बदलता. "तिच्या हातात किल्ली होती. म्हणजे तिने बाहेर पडून कुलूप लावायचं ठरवलं असेल. किंवा लावलंही असेल. मला माहीत नाही."

लिंबाच्या फांदीवर कावळा ओरडून गेला. कमला काही म्हणाली नाही. अरेरे नाही, देवाची मर्जी नाही. तिने स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, आणि मग तो पुन्हा बंद केला.

"कधी झोपलीस तू?" तिने विचारलं. अहो-जाहो कुठेतरी गळून पडलं होतं.

"झोपते की."

"खोटं नको बोलू. डोळे बघ कसे झालेत."

निरुपमा रोज पडायची, डोळे मिटायची, सकाळ व्हायची. मधे झोप होती की नाही हे तिला खरंच सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. नारायणराव पाळी संपवून आले होते. स्टुलावरचे पेले आणि दोघींना बघून ते जागच्या जागी थबकले.

"शेलारकाका," निरुपमा उठून म्हणाली, "स्क्रू ड्रायव्हर आहे का घरात? झोपायच्या खोलीचं दार काढून टाका."

"काढून? घासतंय तेवढं रंधून देतो ना."

"आता रंधलं तर पाणी बंद झाल्यावर माती बसेल, आणि फट पडेल. पुन्हा पावसाळ्यात अडकेल. आधी मागची नळी लांब न्या, केळी काढा, घराच्या कडेने उताराची फरशी करून घ्या. जमीन एक वर्ष तशी राहू द्या. तोवर दारच नको. पडदा लावा."

नारायणरावांनी बायकोकडे बघितलं. "दारासाठी बाहेर राहिलीस होय तू?"

कमलाने मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डबा ठेवला, हत्यारांची पेटी काढली आणि ते आत गेले. वरच्या बिजागरीचे स्क्रू गंजले होते, त्यांना तेल सोडावं लागलं. निरुपमाने दाराची फळी धरली. फळी चौकटीतून सुटताना कर्रकन आवाज झाला, आणि बाहेर अंगणात कमला उठून उभी राहिली. नारायणरावांनी दार खांद्यावर घेतलं, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि ते केळीकडे बघत तिथेच उभे राहिले.

कमला उंबऱ्यापर्यंत आली. मग पुढच्या खोलीत. मग त्या रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबली. तिने चौकटीला एका बाजूने हात लावला, दुसऱ्या बाजूने लावला. मधे काही नव्हतं.

"आधी तू जा," ती निरुपमाला म्हणाली.

"मी जाऊन आलेय की दोनदा."

"तशी नाही. पड तिथे जरा. पलंगावर. मी इथे बसते. तू पडलेली दिसलीस म्हणजे मला कळेल."

काय कळेल, हे निरुपमाने विचारलं नाही. ऑफिसात तीन घरांचे अहवाल पडले होते. परक्या घरात, परक्या पलंगावर आडवं होणं हे तिच्या सगळ्या वळणाच्या बाहेरचं होतं. पण नाही म्हणायला जी काही शक्ती लागते, ती तिला त्या क्षणी सापडली नाही. तिने चपला काढल्या आणि ती पलंगावर आडवी झाली. उशीला खोबरेल तेलाचा वास होता. बरोबर डोक्यावर ती भेग होती. निळा, पिवळा, आत काळोख. कमला चौकटीत, अर्धी आत अर्धी बाहेर, भिंतीला पाठ टेकून बसली आणि तिने गवारीची परडी मांडीवर ओढली.

शेंगा मोडल्याचा बारीक आवाज येत होता. मागे नारायणराव कोयता चालवत होते. निरुपमाने भेगेकडे बघून मनात म्हटलं, वर बारीक, खाली रुंद, कोपरा उचललेला. तेवढंच तिला आठवतं.

ती जागी झाली तेव्हा ऊन खिडकीतून खूप आत आलं होतं. अंगावर कुणीतरी चादर घातली होती. कमला आता चौकटीत नव्हती. ती खोलीत होती, पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर, आणि कपाटातले कपडे काढून घड्या घालत होती.

"उठलीस? घोरत होतीस चांगली," ती म्हणाली.

निरुपमा ताडकन बसली. "किती वाजले? मला ऑफिसला..."

"गेलं आता ऑफिस. ह्यांनी शेजारून फोन केला तुझ्या साहेबांना. सांगितलं, पाहणी चाललीय."

निरुपमाला हसू आलं नाही, पण हसू येण्याची जागा कुठे असते ते तिला अंधुक कळलं. तिने तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला. मोठा पेला भरून. निघताना कमलाने तिला पाठवणीला जावं तसं फाटकापर्यंत सोडलं. अंगणातली खाट नारायणराव घरात नेत होते, आणि ती चौकटीत आडवी होऊन अडकली होती.

"उभी करा हो, उभी!" कमला ओरडली आणि त्यांच्याकडे वळली.

समाहून निघून निरुपमा निजामपुऱ्यातून जात होती. रस्त्याच्या कडेला एक एसटीडी बूथ उघडा दिसला आणि तिने स्कूटी थांबवली. दिवसकार्यानंतर तिने विश्वंभर भाऊजींना फोन केला नव्हता. भाऊजींनीही केला नव्हता. ते मणिनगरला त्यांच्या चुलतभावाकडे राहत होते. नंबर तिला पाठ होता. याचं तिला जरा नवल वाटलं.

"भाऊजी, मी निरू."

"बोल."

"काही नाही. असाच केला."

"बरं केलंस." मागे कुणाच्या तरी घरातली टीव्हीवरची बातमी चालू होती. "ऑफिसला जातोस का असं सगळे विचारतात," ते म्हणाले. "जातो. खुर्चीवर बसतो. परत येतो. रडू येत नाही, निरू. लोकांना वाटतं मी दगड आहे."

"मलाही नाही येत," ती म्हणाली.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गोविंदलाही नाही. बूथच्या काचेवर तिचा हात टेकलेला होता, आणि काच उन्हाने तापली होती. ती तापली आहे हे तिला कळत होतं.

"झोप लागते?" तिने विचारलं.

"नाही. छताकडे बघत बसतो. यांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. त्यांना कसं सांगू की मला वर झोपवत नाही?"

"मग इकडे या. आमचं तळमजल्यावर आहे. पुढच्या खोलीत पडा. दार उघडं ठेवू."

"गोविंद..."

"गोविंद काही म्हणणार नाही. तोच घ्यायला येईल."

मीटरवरचे लाल आकडे पुढे सरकत होते. बूथवाल्याने काचेबाहेरून मान वाकवून पाहिलं, तिने त्याला हाताने थांब म्हटलं. ती रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली, आणि अहमदाबादला विश्वंभरही तसेच उभे असावेत. फोन कुणीच ठेवला नाही.

"शनिवारी येतो," अखेर ते म्हणाले.

"या," निरुपमा म्हणाली. "सकाळच्या गाडीने या. जेवायला इथेच."